बासच्या गळासाठी रीळ : पैसे कुठे घालावेत

स्पिनिंग रिळात दोरा फेकताना किंवा गुंडाळताना स्पूल फिरत नाही. त्याची सगळी करामत याच एका गोष्टीत आहे. आमिष फेकले की दोरा स्थिर स्पूलच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जातो. हँडल फिरवले की स्पूलभोवतीचा रोटर फिरू लागतो आणि दोरा पुन्हा गुंडाळला जातो. फेकताना कोणतेही जड चाक गतीत आणावे लागत नाही. त्यामुळे पाच-सात ग्रॅमचे आमिषही लांब जाते आणि नवशिक्याच्या हातून दोऱ्याचा मोठा गुंता सहसा होत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे कापड उद्योजक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. बॉबिनच्या टोकावरून सरसर सुटणारे सूत ज्यांनी गिरणीत पाहिले आहे, त्यांना ही कल्पना कुठून आली असेल हे वेगळे सांगायला नको.

दोरा आपोआप पकडणारी अर्धगोल तार, म्हणजे बेल, 1930च्या दशकात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर हे रीळ अमेरिकेत पसरले आणि फ्रान्समध्ये बनलेले मिचेल 300 तिथे घरोघरी पोचले. त्या काळचे चांगले रीळ म्हणजे चांगली किंमत, हे समीकरण बराच काळ टिकले. आता ते तसे राहिलेले नाही. साठ-सत्तर डॉलरला मिळणारे आजचे रीळ तीस वर्षांपूर्वीच्या महागड्या रिळाला सहज मागे टाकते. तरीही त्याच किमतीला निव्वळ चकचकीत रंग आणि मोठे आकडे विकणारी रिळेही त्याच फळीवर मांडलेली असतात. निवड करायची ती या दोघांमधून.

ज्या माशासाठी हे रीळ घ्यायचे तो लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, गोड्या पाण्यातला. गावाबाहेरच्या लहान तळ्यापासून टेक्सासमधल्या लेक फोर्कसारख्या विस्तीर्ण जलाशयापर्यंत तो सगळीकडे सापडतो. जपानमध्ये तो 1925 साली आशी सरोवरात सोडण्यात आला. जॉर्ज पेरी यांनी 1932 मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेल्या 22 पौंड 4 औंसांच्या बासची बरोबरी पुढे 2009 मध्ये जपानच्याच बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी केली. दोन्ही मासे दहा किलोंच्या वरचे. रोजच्या गळाला मात्र अर्धा किलो ते दोन किलोंचा बास लागतो आणि रीळ निवडायचे ते त्याच्या हिशेबाने.

इथे नावाचा एक घोटाळा दूर करायला हवा. अलिबागकडचा जिताडा, म्हणजेच गोव्याचा चोणक, यालाही इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात. पण त्याचे कूळ वेगळे, आकार वेगळा आणि पाणी खाडीचे, खारे. बाससाठी सांगितलेले हलके रीळ खाडीवर नेले तर खारे पाणी काही महिन्यांत त्याच्या बेअरिंगचा फडशा पाडते. जिताडा गरवायचा तर खाऱ्या पाण्यासाठी झाकबंद केलेले, एक-दोन नंबर मोठे रीळ लागते. या लेखातला हिशेब गोड्या पाण्याच्या बासचा आहे.

बाससाठी दोन जातींची रिळे वापरतात. जाड दोरा, जड आमिष आणि दाट पाणवनस्पती असेल तिथे काठीच्या वर बसणारे बेटकास्टर चालते. त्याचे स्पूल फिरते आणि अंगठ्याने आवरावे लागते. हलक्या कामाला स्पिनिंग रीळच बरे. बिनवजनाची रबरी अळी मधोमध गळाला लावून पाण्यात सावकाश बुडू देणे, तळाशी वजन ठेवून त्याच्या वर आमिष थरथरवणे, छोट्या शिशाच्या डोक्याला रबराचा तुकडा लावून तळावर सरकवणे, ही सगळी कामे साधारण सात ग्रॅमच्या आतबाहेरची असतात. उन्हाळ्याच्या भर दुपारी किंवा थंडीत, मासा सुस्तावलेला असताना, हीच पद्धत कामी येते. त्यामुळे ज्याला एकच रीळ परवडणार आहे, त्याने स्पिनिंगपासून सुरुवात करावी हे उत्तम.

आता पैसे कुठे घालायचे ते. स्पिनिंग रिळातला सर्वांत महत्त्वाचा भाग ड्रॅग आहे आणि जाहिरातीत सर्वांत चुकीच्या पद्धतीने सांगितला जातो तोही तोच. स्पूलच्या माथ्यावरची चकती पिळली की आतल्या वॉशरच्या थरांवर दाब येतो. मासा जोर लावून ओढू लागला की त्या दाबाला न जुमानता स्पूल थोडे मागे फिरते, दोरा सोडते आणि तुटण्यापासून वाचवते. खोक्यावर लिहिलेले असते : ‘कमाल ड्रॅग 9 किलो’. बाससाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. स्पिनिंग रिळावर आमिषाला बांधलेला दोरा साधारण आठ पौंडांचा, म्हणजे साडेतीन किलोंपर्यंत ताण सोसणारा असतो. ड्रॅग लावायचा तो दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला, म्हणजे किलोभराच्या आसपास. नऊ किलोंपर्यंत ड्रॅग पिळला तर मासा, गाठ किंवा काठी यांपैकी काहीतरी आधीच जाईल.

पाहायचे ते वेगळेच. एक किलोच्या त्या ताणावर स्पूल किती सहज सुटते? हलक्या प्रतीच्या ड्रॅगमध्ये एक खोड असते. थांबलेले स्पूल पहिल्यांदा हलायला जास्त जोर लागतो, मग ते एकदम सुटते, पुन्हा अडकते. नावेशेजारी आलेला बास अचानक डोके झटकून खाली बुडी मारतो, त्या क्षणी हा पहिला अडथळाच दोरा तोडतो. बास गरवणाऱ्यांचे बरेचसे हातचे मासे पाण्याच्या काठावर, शेवटच्या दोन मीटरांत सुटतात, आणि खापर दोऱ्यावर किंवा गाठीवर फुटते. वास्तविक अडखळणाऱ्या ड्रॅगवर चांगल्यातली चांगली गाठही टिकत नाही. कार्बनचे वॉशर असोत की ग्रीस लावलेल्या फेल्टचे, दोन्ही चालतात. ते सपाट बसलेले, कोरडे न पडलेले आणि पुरेशा रुंदीचे असावेत एवढेच.

ड्रॅगखालोखाल महत्त्वाचा आहे तो दोरा जिथून वळतो तो रोलर. बेलच्या एका टोकाला करंगळीच्या नखाएवढा हा रोलर असतो. दोरा काठीकडून सरळ येतो आणि इथे काटकोनात वळून स्पूलवर जातो. माशाचा सगळा ताण या एवढ्याशा वळणावर पडतो. रोलर फिरला तर दोरा त्याच्यावरून वाहतो, अडकला तर त्याच्यावर घासतो. अडकलेल्या रोलरवरून विणलेला दोरा शेकडो वेळा घासला की धातूत केसासारखी बारीक खाच पडते. मग प्रत्येक फेकीत ती खाच दोरा तासत राहते. शिवाय न फिरणाऱ्या रोलरवर दोऱ्याला पीळ बसत जातो आणि तो स्पूलवरून सुटताना कड्या-कड्यांनी उसळतो. स्वस्त रिळात या जागी बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश असते. कंपनीने शंभर रुपयांची बचत करायला निवडलेली ही सर्वांत वाईट जागा म्हणायला हवी. नखाने रोलर फिरवून पाहिला तर लगेच कळते. तो सैल गुळगुळीत फिरला पाहिजे, आणि थोडा दाब दिला तरी फिरायचा थांबता कामा नये.

बेअरिंगचे आकडे हा जाहिरातीचा दुसरा सापळा. तीस डॉलरच्या रिळावर ‘13 बॉल बेअरिंग’ लिहिलेले पाहून ग्राहक खूश होतो. पण बेअरिंग किती आहेत यापेक्षा कुठे आहेत हे महत्त्वाचे. मुख्य दातेरी चाकाच्या दोन्ही बाजूंना, रोटर फिरवणाऱ्या पिनियनवर आणि रोलरमध्ये चांगली बेअरिंग असली म्हणजे झाले. उरलेली हँडलच्या मुठीत आणि जिथे काही भारच येत नाही अशा ठिकाणी भरलेली असतात. हलक्या स्टीलची तेरा बेअरिंग म्हणजे गंज चढायला तेरा जागा. जपानी नामवंत कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त रिळांत याहून कमी बेअरिंग असतात आणि ती वर्षानुवर्षे मुकाट्याने चालतात.

दातेरी चाकांची आणि सांगाड्याची बाब एकमेकींत गुंतलेली आहे. हँडलचा आस काठीला काटकोनात, रोटरचा काठीला समांतर. या दोन दिशा मुख्य चाक आणि पिनियन यांच्या दातांमधून जुळतात. भार आला की सांगाडा थोडा जरी वाकला तरी दात नीट बसत नाहीत, एकमेकांवर घासतात आणि थोड्याच दिवसांत हँडल फिरवताना हाताला वाळू लागल्यासारखी खरखर जाणवू लागते. महाग रिळात अ‍ॅल्युमिनियमचा किंवा मॅग्नेशियमचा सांगाडा असतो. स्वस्त रिळात प्लॅस्टिकमध्ये कार्बन तंतू मिसळलेले असतात. बासच्या मानाने हे दुसरे साहित्य पुरेसे आहे, आणि वजनाला हलकेही. फक्त ते जाड, घट्ट असावे. मुख्य चाक जस्ताच्या मिश्रधातूचे असले तरी गोड्या पाण्यात चालते. ठोकून घडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर उत्तमच, कारण त्याचे दात जास्त दिवस कोरे राहतात. रोटर उलटा फिरू न देणारी यंत्रणाही तपासावी. चांगल्या रिळात हँडल मागे ढकलले की तसूभरही सरकत नाही. मागे हालचाल असेल तर मासा आमिष घेतो त्या क्षणी काठी झटकताना गळ उशिरा बसतो.

आकार आणि वेगाचे गणित अवघड नाही. बाससाठी 2500 किंवा 3000 आकाराचे रीळ पुरते. मात्र हे आकडे सगळ्या कंपन्यांत सारखे नाहीत. एकीचा 2500 दुसरीच्या 3000 एवढा असू शकतो, काही कंपन्या 30, 35 असे आकडे वापरतात. शिमानोच्या ‘सी 3000’ मध्ये 2500 च्या सांगाड्यावर 3000 चे स्पूल असते. म्हणून आकड्यापेक्षा वजन आणि स्पूल पाहावे. दोनशे वीस ते दोनशे ऐंशी ग्रॅम वजनाचे रीळ सात फुटी, मध्यम-हलक्या काठीला शोभते. वेग ठरतो तो गिअरच्या प्रमाणावर. 6:1 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटरचे सहा फेरे. स्पूलवर दोऱ्याचा व्यास 45 मिलिमीटर असेल तर एका वेढ्यात सुमारे 14 सेंटिमीटर दोरा आणि हँडलच्या एका फेऱ्यात जवळपास 85 सेंटिमीटर दोरा आत येतो. आमिष घेऊन बास नावेच्या दिशेनेच पळत सुटतो तेव्हा ढिला पडलेला दोरा पटकन गोळा करायला हा वेग हवा. 5:1 च्या आसपासचे रीळ ताकदीने ओढते, पण हलक्या आमिषाच्या कामात ढिलाई गोळा करायला मागे पडते. 6:1 हून फार जास्त प्रमाण घेण्याचे बाससाठी फारसे कारण नाही.

या कसोट्यांवर उतरणारी रिळे अमेरिकेत साधारण 50 ते 100 डॉलरच्या दरम्यान मिळतात. फ्लूगरचे प्रेसिडेंट हे या गटातले जुने आणि विश्वासाचे नाव. फ्लूगर ही मूळची ओहायोतल्या अ‍ॅक्रनची कंपनी, 1881 पासूनची. प्रेसिडेंट हलके फिरते, ड्रॅग मऊ सुटतो आणि नवशिक्याच्या हातात दिले तरी तक्रार नसते. शिमानो ही 1921 मध्ये स्थापन झालेली, सायकलींचे भाग बनवणारी ओसाकाजवळच्या साकाईची कंपनी. तिचे सेडोना मधल्या किमतीत, आणि शंभर डॉलरच्या आसपासचे नास्की ठोकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या मुख्य चाकासह मिळते. दायवाचे रेगल किंवा फ्युएगो वजनाला हलके असते. तैवानच्या ओकुमाचे सेयमार पन्नासच्या आसपास बसते आणि त्या किमतीला उघडपणे जास्त देते. एकच घ्यायचे तर, हाताला मिळेल त्या किमतीत, नास्की किंवा प्रेसिडेंट यांपैकी एक घ्यावे. तीस डॉलरच्या खाली उतरू नये. अडीचशे डॉलरच्या पुढे जाऊन मिळतो तो हलकेपणा, मऊपणा आणि टिकाऊपणाचा काही वाढीव हिस्सा. तो खरा आहे, पण आठवड्यातून एकदा तळ्यावर जाणाऱ्याला मासे त्यामुळे जास्त मिळत नाहीत.

खरेदीच्या वेळेचाही थोडा विचार करावा. अमेरिकेतल्या मासेमारीच्या साहित्याचे मोठे प्रदर्शन, आयकास्ट, जुलैत भरते. नवी मॉडेल्स तिथे जाहीर होतात आणि मागच्या आवृत्त्या पुढच्या काही महिन्यांत सवलतीत मिळू लागतात. नव्या आवृत्तीत बहुधा रंग आणि एखादा भाग बदललेला असतो, दातेरी चाके तीच. सवलतीचे जुने रीळ घेण्यात काहीच तोटा नाही. मात्र सुटे भाग मिळतील याची खात्री करावी. बेलची स्प्रिंग हा दोन डॉलरचा भाग असतो आणि तो मिळाला नाही तर सत्तर डॉलरचे रीळ फेकून द्यावे लागते. ऑनलाइन बाजारात तीन महिन्यांनी नाव बदलणाऱ्या ब्रँडकडे सुटे भाग नसतात, हे त्यांच्या स्वस्ताईतले उघड न होणारे कलम.

दुकानात रीळ हातात घेऊन पाच मिनिटे द्यावीत. दुकानदाराकडे दोरा चढवलेले नमुन्याचे रीळ असले तर अधिक चांगले. बेल उघडून बंद करावी, खट्कन बसली पाहिजे, मधेच लोंबकळता कामा नये. हँडल सावकाश फिरवून खरखर ऐकण्याऐवजी बोटांनी जाणून घ्यावी. मग हँडल थांबवून स्पूलची कड आणि रोटर यांच्यातले अंतर सगळीकडून पाहावे, डुगडुग असेल तर पारखून सोडून द्यावे. सर्वांत महत्त्वाची चाचणी ड्रॅगची. चकती थोडी ढिली ठेवून दोरा हाताने हळूहळू ओढावा. सुरुवात आणि मधला ताण यांत फरक जाणवला, दोरा झटक्याझटक्याने आला, तर ते रीळ खाली ठेवावे. घरी नेल्यावर छोटा स्प्रिंगचा काटा दोऱ्याला अडकवून ड्रॅग किलोभरावर लावावा. अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुतेक वेळा दुप्पट कडक निघतो.

रिळाइतकाच खर्च दोऱ्यावर झाला तरी चालेल, पण दोऱ्यावर कंजूषी करून चांगल्या रिळाची माती करू नये. बाससाठी दहा ते पंधरा पौंडांचा विणलेला दोरा आणि त्याच्या पुढे सहा ते दहा पौंडांचा फ्लोरोकार्बनचा दोन-तीन मीटर तुकडा, ही जोडी सध्या सर्वत्र चालते. विणलेला दोरा निसरडा असतो. तो सरळ स्पूलला बांधला तर ताणात सगळा गुंडाळा स्पूलवर गरगर फिरतो आणि माणसाला वाटते ड्रॅग खराब झाला. म्हणून तळाशी पाच-दहा मीटर साधी तंगूस घालून वर विणलेला दोरा चढवतात. स्पूल काठापासून दीड-दोन मिलिमीटर मोकळे राहील इतकेच भरावे. गच्च भरले तर वेढे गळून गुंता होतो, कमी भरले तर दोरा काठावर घासत लांब जात नाही. आणि फेकल्यावर बेल हँडल फिरवून न मिटता हातानेच मिटावी, मग दोरा एकदा चिमटीत धरून ताणावा. दोऱ्याला बसणाऱ्या पिळापैकी बराचसा या दोन सवयींनी टळतो.

देखभाल थोडीच आहे. गोड्या पाण्यातून आल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर पाण्याचा बारीक शिडकावा मारावा. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये, कारण त्या जोराने धूळ आत जाते. पुसून सुकल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करावा, म्हणजे वॉशर दबून चपटे होत नाहीत. रोलरला आणि हँडलच्या मुठीला दर काही आठवड्यांनी तेलाचा एक थेंब द्यावा. मुख्य चाकाला वर्षातून एकदा ग्रीस पुरे. मागे फिरू न देणाऱ्या क्लचमध्ये मात्र ग्रीस घालू नये. थंडीत ते घट्ट होते आणि हँडल मागे सरकू लागते.

टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना बास हा घरापासून दहा मिनिटांवरच्या सार्वजनिक तळ्यात मिळणारा मासा आहे. मुलाच्या हातात द्यायला प्रेसिडेंटचा लहान आकार आणि आठ पौंडांची साधी तंगूस पुरेशी होते. गळ टाकण्याआधी मोठ्या माणसांना त्या राज्याचा मासेमारीचा परवाना घ्यावा लागतो. लहान मुलांना बहुतेक राज्यांत सूट आहे, वयाची मर्यादा मात्र राज्याराज्यांत वेगळी. हा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर मिळतो आणि रीळ विकणाऱ्या बऱ्याच दुकानांत तो त्याच काउंटरवरही मिळतो.